आईने स्वयंपाकघरातून ऐकलेल्या मालिका आता समोर बसून कशा पाहाव्यात

वयस्कर आईसोबत जुन्या मालिका पुन्हा पाहायच्या असे ठरवणाऱ्या मुलामुलींची एक चूक अगदी सुरुवातीला होते, आणि ती माझ्याकडूनही झाली. 'पुन्हा' हा शब्द आपण फक्त आपल्या बाजूने वापरतो. दोन वर्षांपूर्वी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी, मी ७७ वर्षांच्या आईसमोर 'रामायण' लावले आणि तिला जुने दिवस आठवून आनंद होईल अशा समजुतीत बसलो. तिसरा भाग संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "हे मी आज पहिल्यांदा बघतेय. तेव्हा मी आत होते ना."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. १९८७ साली रविवारी सकाळी साडेनऊ वाजता गावभागातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसत असत, आम्ही मुले सतरंजीवर अगदी पुढे असू, आणि आई आत स्टोव्हवर चहाचे पातेले चढवून, पोहे परतत, बाहेर कान देऊन उभी असे. तिने ती मालिका ऐकली होती. पाहिली होती ती दारातून, कपबशांचा ट्रे हातात धरून, तुकड्यातुकड्यांनी. त्या पिढीतल्या असंख्य गृहिणींची हीच कथा असावी. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने पुढच्या सगळ्या पायऱ्या 'आई हे पहिल्यांदाच नीट पाहणार आहे' असे धरून चढाव्यात, हे मला अनुभवातून सुचलेले पहिले आणि मुख्य सांगणे आहे.

पहिली पायरी : यादी आपण करू नये, तिला विचारावे

आपल्या डोक्यातली यादी ही आपल्या बालपणाची असते. आईला विचारताना "तुला कुठली मालिका आवडायची?" असा प्रश्न केला तर "सगळ्याच चांगल्या होत्या" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी "कुठली मालिका लागली की तुला काम टाकून बाहेर यावंसं वाटायचं?" किंवा "कशाचं गाणं लागलं की दूध ओतू जायचं?" असे विचारून पाहावे. आमच्याकडे या प्रश्नाला 'गोट्या' असे उत्तर आले, कारण त्या मालिकेचे शीर्षकगीत तिला आजही पूर्ण पाठ आहे, परंतु गोट्याचा चेहरा तिला आठवत नव्हता.

यादी करताना गावाचाही विचार करावा लागतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'चिमणराव-गुंड्याभाऊ'ने मुंबई-पुण्याच्या घराघरांत हशा पिकवला, हे खरे आहे. परंतु आमच्या घरी दूरदर्शन संच आला तो १९८५ साली, लाकडी शटरचा आणि कृष्णधवल. तेव्हा मुंबईच्या मावशीला जी 'जुनी मालिका' वाटते ती सांगलीच्या आईसाठी कोरी असू शकते. ही गैरसोय नसून सोय आहे. दिलीप प्रभावळकरांचा तरुण चिमणराव आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी त्यांनीच रंगवलेले 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा, असे दोन्हींचे मिळतील ते भाग पाठोपाठ दाखवले, तेव्हा आईने केवळ आवाजावरून माणूस ओळखला. इतकी वर्षे मालिका कानाने पाहिल्याचा तो परिणाम असावा.

नवख्यांनी सुरुवात 'टिपरे'पासूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. २००१ साली अल्फा मराठीवर (म्हणजे आजच्या झी मराठीवर) सुरू झालेल्या या मालिकेचा भाग अर्ध्या तासाच्या आत संपतो, प्रत्येक भागाची गोष्ट बहुधा त्याच भागात पूर्ण होते, मधला एखादा भाग चुकला तरी काही अडत नाही, आणि घरात तीन पिढ्या असल्यामुळे आईला कोणा ना कोणाची बाजू घेता येते. हिंदी चालत असेल तर 'मालगुडी डेज'लाही हेच गुण लागू आहेत. महामालिकांकडे नंतर वळावे, आणि वळण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. 'रामायण'चे ७८ भाग आहेत. आठवड्याला दोन पाहिले तर ३९ आठवडे लागतात. 'महाभारत'चे ९४ भाग त्याच गतीने ४७ आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्षभर चालतात. 'चार दिवस सासूचे'चे भाग तीन हजारांच्या वर आहेत. रोज एक पाहिला तरी आठ वर्षे पुरून उरतील. हा आकडा ऐकून आई हसत म्हणाली, "तेवढं आयुष्य देवानं दिलं तर भांडणं बघण्यात घालवायचं होय?" यादीतून ती मालिका तिथेच गळली.

दुसरी पायरी : भाग कुठे मिळतात आणि आधी काय तपासावे

दूरदर्शनच्या अनेक जुन्या मालिका त्यांच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर आहेत. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचे स्वतःचे ॲपही सुरू केले असून त्यावर जुना संग्रह पाहता येतो. झी मराठीच्या मालिकांसाठी झी फाइव्ह शोधावे. कोणाही व्यक्तीने परस्पर चढवलेले भाग शक्यतो टाळावेत. त्यांत शीर्षकगीत कापलेले असते, कधी मधलेच भाग नसतात, कधी आवाजाची पट्टी बदललेली असते, आणि ज्या बाईच्या कानात मूळ आवाज ३५ वर्षे बसला आहे तिला तो बदल तत्काळ खटकतो.

मालिका आईला सुचवण्यापूर्वी आपण पहिला, शेवटचा आणि मधले चार-पाच भाग उघडून खात्री करून घ्यावी. चाळीस भाग गुंतून पाहिल्यावर एकेचाळिसावा उपलब्ध नाही असे सांगण्याची वेळ येऊ नये. 'रामायण'च्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की ७८ भागांची मूळ मालिका ३१ जुलै १९८८ रोजी संपली आणि लव-कुशांची कथा त्यानंतर 'उत्तर रामायण' म्हणून वेगळी आली. आई "पुढचं कुठाय?" म्हणून विचारणारच, तेव्हा ती वेगळी शोधून ठेवावी.

आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करावी. शीर्षकगीत ओलांडून पुढे जाण्याचे बटण तर कधीही दाबू नये. आपल्याला ते दीड मिनिट वाया गेल्यासारखे वाटते, पण तेवढाच भाग तिला जुन्या दिवसांतला संपूर्ण माहीत असतो.

तिसरी पायरी : खुर्ची, चष्मा, चित्र आणि आवाज

माझ्या मते निम्मे यश या पायरीत आहे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच ओलांडून जातात.

आईची खुर्ची मधोमध ठेवावी. हे लिहिण्याची गरज का पडावी, असे वाटेल. परंतु आमची आई पहिले कित्येक दिवस दाराजवळच्या स्टुलावर बसत होती, कारण तिथून आत जायला सोपे पडते. खुर्चीला हात आणि पक्की पाठ असावी, उंची अशी असावी की पावले जमिनीला पूर्ण टेकतील, आणि न टेकल्यास पायाखाली पाट द्यावा. पाय लोंबकळत राहिले की तासाभरात घोट्याशी सूज दिसते. भाग संपल्यावर तिने उठून अंगणापर्यंत किंवा निदान स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारावी. सुरू करण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे, म्हणजे ऐन अशोकवनात घाईने उठावे लागत नाही. अशा घाईतच वयस्कर माणसे पडतात.

चष्म्याचा मुद्दा मला नेत्रतज्ज्ञांनी समजावला. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात लांबचे वरच्या भागातून आणि जवळचे खालच्या भागातून दिसते. आई आरामखुर्चीत रेलून बसली की तिची नजर खालच्या, म्हणजे वाचनाच्या भागातून पडद्यावर जाते आणि चित्र धूसर दिसते. मग ती "टीव्ही बिघडलाय" म्हणते. उपाय दोन आहेत : ताठ पाठीची खुर्ची, आणि पडदा बसल्या नजरेच्या पातळीवर. भिंतीवर उंच टांगलेला पडदा दिवाणखान्याची शोभा वाढवतो, पण मान दुखवतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा व्हायची असेल तर खिडकीचा उजेड पडद्यावर चमकणार नाही असे पाहावे. मात्र खोली पूर्ण अंधारी करू नये, मागच्या बाजूला एक मंद दिवा असावा.

जुन्या मालिकांचे चित्र आजच्या पडद्यापेक्षा अरुंद, चारास तीन या प्रमाणातले असते. पडदा भरून जावा म्हणून टीव्ही ते आडवे ताणतो आणि सीतामाईसुद्धा स्थूल दिसू लागतात. सेटिंगमध्ये चित्राचा आकार 'फोर बाय थ्री' किंवा 'ओरिजिनल' असा ठेवावा आणि दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात. बरोबर झाले की नाही हे ओळखण्याची आमची खूण अशी : 'महाभारत'मध्ये रथाचे चाक गोल दिसले पाहिजे. शिवाय त्या काळचे प्रक्षेपण ६२५ रेषांचे असल्यामुळे मोठ्या पडद्यावर अगदी जवळून पाहिल्यास चेहरे विस्कटलेले वाटतात; आमच्या ४३ इंची संचासमोर सात-आठ फुटांवरून ते सर्वांत नीट दिसतात.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. वयपरत्वे ऐकू कमी येते तेव्हा सहसा आधी वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. स, श, फ, त, क अशी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात, आणि म्हणून आई म्हणते, "बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही." अशा वेळी आवाज नुसता वाढवला तर पार्श्वसंगीत अधिक गरजते आणि शब्द तिथेच राहतात. पहिल्यांदा कानाच्या डॉक्टरांकडून मळ साठलेला नाही ना हे पाहून घ्यावे. पुष्कळदा तेवढ्यानेच फरक पडतो. नंतर टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय निवडावा, एक छोटा स्पीकर तिच्या खुर्चीशेजारी ठेवावा, छताचा पंखा कमी वेगावर आणावा, आणि कुकर मालिकेच्या आधी किंवा नंतर लावावा. श्रवणयंत्र असेल तर ते ब्लूटूथने टीव्हीला जोडता येते का हे विक्रेत्याकडून समजून घ्यावे. हेडफोन मी एकदा लावून पाहिले. आवाज उत्तम आला, पण ती एकटी पडली आणि दहा मिनिटांत तिने ते काढून ठेवले.

चौथी पायरी : घरची 'साप्ताहिकी'

जुन्या प्रेक्षकांना 'साप्ताहिकी' आठवत असेल. पुढच्या आठवड्यात दूरदर्शनवर काय काय लागणार हे त्या कार्यक्रमात सांगत असत. आम्ही दर रविवारी एका कागदावर मोठ्या अक्षरांत आठवड्याची साप्ताहिकी लिहून दिनदर्शिकेशेजारी टाचणीने लावतो : वार, वेळ, मालिका आणि भाग क्रमांक. हवे तेव्हा हवे ते पाहता येण्याची सोय तरुणांना मोलाची वाटते, पण वाट पाहणे हा त्या पिढीच्या मालिका पाहण्याचा मोठा भाग होता. बुधवारी संध्याकाळी पाचला भाग आहे हे कागदावर दिसले की आई दुपारची झोप, गोळ्या आणि देवापुढचा दिवा त्याप्रमाणे बसवते.

एका बैठकीला एकच भाग पाहावा. मागणी आली तरी दुसरा लावू नये, सुट्टीच्या दिवशी क्वचित अपवाद करावा. जेवणानंतरची वेळ झोपेची असते आणि रात्री उशिराची वेळ झोपमोडीची. आमच्या अनुभवात दुपारच्या चहानंतरची वेळ सर्वांत चांगली ठरली. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून भागाचा क्रमांक आणि थांबलेले मिनिट त्या कागदावरच टिपून ठेवावे. वीज गेली की आमच्या घरी कोणीतरी "रुकावट के लिए खेद है" असे गंभीर आवाजात म्हणते आणि मग गप्पा सुरू होतात.

चहाचे काय? तो तुम्ही करावा. मालिका चालू असताना आई पाणी आणायलासुद्धा उठणार नाही, हा नियम मी घातला तेव्हा ती पहिल्या आठवड्यात अस्वस्थ होती, दुसऱ्या आठवड्यात साखर जास्त पडल्याची तक्रार करू लागली, आणि तिसऱ्या आठवड्यापासून कप हातात येईपर्यंत पडद्यावरून नजर काढेनाशी झाली. खायला सांगलीचे भडंग हवेच असेल तर कवळी असलेल्यांसाठी शेंगदाणे बाजूला काढावेत, आणि मधुमेह असल्यास टीव्हीसमोर किती खाल्ले जाते याचा अंदाज राहत नाही म्हणून वाटीतच मोजून द्यावे, डबा समोर ठेवू नये.

पाचवी पायरी : थांबवण्याचे बटण

आई बोलू लागली की चित्र थांबवावे. रिमोट शक्यतो तिच्याच हाती द्यावा आणि थांबवण्याच्या बटणावर कुंकवाच्या रंगाची टिकली चिकटवावी, म्हणजे चष्म्याशिवायही बोटाला ते सापडते.

ती काय बोलेल याचा अंदाज बांधू नये. मला वाटले होते की कैकेयीच्या प्रसंगात ती धर्माधर्माबद्दल बोलेल. ती बोलली ती साड्यांबद्दल, आणि त्यावरून थेट कापडपेठेतल्या खरेदीवर, आजीने नेसायला दिलेल्या इरकलीवर, आणि ती इरकल २००५ च्या महापुरात त्या लाकडी शटरच्या टीव्हीसोबत कशी गेली यावर. वीस मिनिटे कोपभवन पडद्यावर तसेच थिजून उभे होते. अशा वेळी "बरं, आता पुढे बघू या" असे म्हणण्याचा मोह आवरावा. भाग उद्याही असतो.

परीक्षा घेऊ नये. "हा कोण, ओळख पाहू?", "मागच्या भागात काय झालं सांग", "अगं, हे तर तू पाहिलं होतंस" ही तीन वाक्ये कटाक्षाने टाळावीत. नाव न आठवल्याची लाज आपल्यासमोर वाटली की ती बोलणेच कमी करते. आपण स्वतःच सुरुवातीला सहज सांगावे : "मागच्या वेळी भरत पादुका घेऊन परतला होता." तीच आठवण ती तिसऱ्यांदा सांगत असेल तर तिसऱ्यांदा ऐकावी, बहुधा प्रत्येक वेळी एखादा नवा तपशील निसटून बाहेर येतो. आमच्या घरी तिसऱ्या खेपेला कळले, की रविवारच्या त्या चहासाठी लागणारे जादा दूध ती शेजारच्या काकूंकडून उसने आणत असे आणि हे वडिलांना शेवटपर्यंत माहीत नव्हते.

अशा गोष्टी टिपायला वही जवळ ठेवावी. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर तिला विचारूनच करावे; माझ्या आईने साफ नकार दिला, वहीला मात्र हरकत घेतली नाही. आणि आपला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. सुरुवातीच्या काळात मी तिच्या शेजारी बसून संदेश वाचत असे, तेव्हा ती एकदा म्हणाली, "तू बघत नाहीस, तू मला बघायला बसवलंयस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

सहावी पायरी : अवघड क्षण

"हा आहे का रे अजून?" हा प्रश्न दर दोन-तीन भागांनी येतो. 'रामायण'मधले रावण अरविंद त्रिवेदी २०२१ मध्ये गेले, 'महाभारत'मधले भीम प्रवीणकुमार सोबती २०२२ मध्ये, शकुनी गुफी पेंटल २०२३ मध्ये आणि कर्ण पंकज धीर २०२५ मध्ये. उत्तर खरे आणि छोटे द्यावे. वय, आजार, शेवटचे दिवस असला तपशील आपणहून पुरवू नये. तिने थोडा वेळ गप्प राहायचे ठरवले तर राहू द्यावे.

दशरथाच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा मी तो ओलांडावा की काय या विचारात होतो, कारण वडिलांना जाऊन तेव्हा पाच वर्षेच झाली होती. शेवटी मी तिला आदल्या दिवशी सांगितले की उद्याचा भाग हा आहे, पाहायचा का? ती म्हणाली, "बघू की. कौसल्येनं काय केलं ते मला बघायचंय. नुसतं रडणं ऐकलं होतं तेव्हा." आधी सांगावे आणि निर्णय तिच्यावर सोडावा, एवढेच आपले काम.

ती झोपी गेली तर आवाज हळूहळू कमी करावा. एकदम बंद केला की शांततेनेच जाग येते आणि ओशाळल्यासारखे होते. पुढच्या वेळी पाच मिनिटे मागून सुरुवात करावी व तिला झोप लागली होती याचा उल्लेख करू नये.

स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असेल तर लांबलचक कथानक टाळून छोटे, हलके भाग निवडावेत आणि तोच भाग चार वेळा लावायला संकोच करू नये. युद्धाची व आरडाओरड्याची दृश्ये अशा रुग्णाला खोलीतच घडत आहेत असे वाटू शकते. ती घाबरली तर वाद न घालता चित्र बंद करून हात हातात घ्यावा. कोणा दिवंगत नातेवाइकाबद्दल ती "आला का?" असे विचारत राहिली तर काय उत्तर द्यावे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

शेवटचे भाग

मालिका संपत आली की मुद्दाम गती कमी करावी. बाहेरगावी असलेल्या भावंडांना त्या वेळी बोलवावे. माझी बहीण पुण्याहून दिवाळीत येते, म्हणून 'महाभारत'चे शेवटचे दोन भाग आम्ही भाऊबीजेसाठी राखून ठेवले आहेत. नवी मालिका दुसऱ्याच दिवशी लावू नये, आठवडाभर रिकामा सोडावा आणि साप्ताहिकीच्या कागदावर पुढची ओळ आईलाच लिहू द्यावी. या वेळी तिने त्या ओळीत मालिका लिहिलेलीच नाही. "सातच्या बातम्या, जुन्या, मिळतील त्या" असे लिहिले आहे, कारण सात वाजता ती भाकऱ्या थापत असे आणि बातम्या देणाऱ्या माणसाचा चेहरा तिला एकदा नीट पाहायचा आहे.